कॅम्पर व्हॅनमधील लिथियम बॅटरी: निवड, जोडणी आणि आतापर्यंतची निरीक्षणे

व्हॅनमधील जुनी लेड-ॲसिड बॅटरी काढून तिच्या जागी लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारच्या, प्रत्येकी १०० अँपिअर-तासांच्या दोन बॅटऱ्या समांतर जोडणीत बसवण्याचे काम पूर्ण झाले आहे. बॅटरीवर ठळक अक्षरांत छापलेला अँपिअर-तासांचा, म्हणजे साठवणक्षमतेचा, आकडा निवडीच्या कामी फारसा येत नाही, असे माझे मत या कामात पक्के झाले. बॅटरीतून एका वेळी किती करंट घ्यावा लागणार आहे आणि तो कोणत्या मार्गाने परत भरला जाणार आहे, हे आधी ठरवले की क्षमतेचा प्रश्न जवळजवळ आपोआप सुटतो.

रसायनाच्या निवडीत फार वेळ गेला नाही. लिथियम आयर्न फॉस्फेटच्या एका सेलचा नाममात्र विद्युतदाब (पुढे नुसता ‘दाब’) ३.२ व्होल्ट असल्यामुळे चार सेलची माळ १२.८ व्होल्ट देते आणि १२ व्होल्टच्या उपकरणांना ती जशीच्या तशी चालते. निकेल-मँगनीज-कोबाल्ट प्रकारच्या सेलचा दाब ३.६ ते ३.७ व्होल्ट असल्याने तीन सेल कमी पडतात आणि चार जास्त होतात. शिवाय फॉस्फेटमधील ऑक्सिजन फॉस्फरसशी घट्ट बांधलेला असल्याने सेल तापला तरी तो सहजासहजी सुटत नाही, आणि ज्या गाडीत आपण झोपतो त्या गाडीसाठी हा गुण ऊर्जाघनतेपेक्षा मोलाचा आहे. (हे कॅथोडचे, म्हणजे सेलच्या धनाग्राचे, द्रव्य १९९७ मध्ये जॉन गुडइनफ यांच्या टेक्सास विद्यापीठातील गटाने मांडले आणि त्या संशोधनात अक्षय पाढी यांचा मोठा वाटा होता, हे आपल्या छंदवर्तुळात फारसे कोणी सांगत नाही.) १०० अँपिअर-तासांची लेड-ॲसिड बॅटरी साधारण ३० किलो भरते आणि तिचे आयुष्य राखायचे तर निम्मीच वापरावी लागते. तेवढ्याच क्षमतेची लिथियम बॅटरी १२ किलोच्या आसपास असते आणि तिच्यातील ८० टक्के ऊर्जा रोज निर्धास्तपणे वापरता येते.

विजेचा हिशेब वॅट-तासांत मांडला, कारण बॅटरी, इन्व्हर्टर आणि सौर पॅनल या तिन्हींना लागू पडणारे एकक तेच आहे. कॉम्प्रेसरचा फ्रिज चालू असताना ४५ वॅट घेतो आणि निम्मा वेळ चालतो असे धरले तर दिवसाला ५४० वॅट-तास होतात. पंखा, दिवे, पाण्याचा पंप, लॅपटॉप आणि फोन मिळून आणखी सुमारे ३६० वॅट-तास लागतात. म्हणजे स्वयंपाक वगळता गरज ९०० वॅट-तासांची आहे. खरी उलथापालथ इंडक्शन शेगडी करते. हजार वॅटवर अर्धा तास म्हणजे ५०० वॅट-तास, आणि इन्व्हर्टरमधील घट धरून ते ५५५ पर्यंत जातात. एकूण बेरीज १४५० वॅट-तासांच्या थोडी वर गेली. दोन बॅटऱ्यांची मिळून क्षमता २५६० वॅट-तास असून तिच्या ८० टक्क्यांत हा दिवस आरामात बसतो. शेगडी न लावल्यास दोन दिवस निघतात. इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला तरी तो १० ते १५ वॅट खात राहतो, म्हणजे दिवसभरात अडीचशे-तीनशे वॅट-तास फुकट जातात. त्यामुळे त्याचे बटण शेगडीजवळ, हाताशी येईल असे घेतले.

एकच २०० अँपिअर-तासांची बॅटरी घ्यावी की शंभराच्या दोन, या प्रश्नाचे उत्तर मात्र शेगडीने दिले. हजार वॅटचा भार इन्व्हर्टरमार्गे घेताना बॅटरीतून जवळजवळ ९० अँपिअर करंट निघतो. मी घेतलेल्या प्रत्येक बॅटरीचा बीएमएस, म्हणजे आतील संरक्षक मंडल, सलग १०० अँपिअर सहन करतो, त्यामुळे काही कारणाने एका बॅटरीने स्वतःला तोडून घेतले तरी दुसरी एकटी हा भार पेलू शकते. दोन हजार वॅटचा इन्व्हर्टर असता तर हे गणित कोसळले असते, कारण एक बॅटरी सुटताच सगळा भार दुसरीवर येऊन तीही लगेच तुटली असती. समांतर जोडणीत करंटची बेरीज कागदावर २०० अँपिअर दिसते, पण तिच्यावर विसंबून इन्व्हर्टर निवडू नये, असे मी ठामपणे म्हणेन. सुटे सेल आणून स्वतः बॅटरी बांधण्याचा मार्ग स्वस्त आणि शिकवणारा आहे, याविषयी वाद नाही. तरीही हलत्या गाडीत सेल योग्य तेवढे आवळून ठेवणे आणि जोडपट्ट्या सैल न पडू देणे हे वेगळेच काम असल्याने मी तयार बॅटरी घेतली. बीएमएसने मोजलेला प्रत्येक सेलचा दाब फोनवर वाचता आला पाहिजे, एवढी एक अट मात्र सोडली नाही.

समांतर जोडण्याआधी दोन्ही बॅटऱ्या स्वतंत्रपणे पूर्ण चार्ज केल्या, कारण एक भरलेली आणि एक रिकामी बॅटरी थेट जोडली तर अंतर्गत रोध अत्यल्प असल्यामुळे त्यांच्यात मोठा करंट वाहू लागतो. धन टोक पहिल्या बॅटरीवरून आणि ऋण टोक दुसरीवरून, अशी तिरकी जोडणी केल्याने दोन्हींच्या वाटेतील केबलची लांबी सारखी राहते. शेगडी पूर्ण क्षमतेवर लावून डीसी क्लॅम्प मीटरने (केबलभोवती चिमट्यासारखे लावून करंट मोजणाऱ्या मीटरने) दोन्ही शाखा मोजल्या, तेव्हा एकीत ४६ आणि दुसरीत ४३ अँपिअर दिसले. एवढा फरक चालण्यासारखा आहे.

केबल ३५ चौरस मिलिमीटरची घेतली. तांब्याच्या अशा केबलचा रोध मीटरला साधारण अर्धा मिलिओहम असतो, म्हणजे जाऊन-येऊन तीन मीटरवर १०० अँपिअर वाहताना ०.१५ व्होल्ट आणि १५ वॅट एवढीच घट होते. परंतु एखादा लग, म्हणजे केबलच्या टोकाचा धातूचा जोड, नीट क्रिम्प झाला (दाबून घट्ट बसला) नसेल आणि त्या एकाच सांध्यात एक मिलिओहम रोध राहिला, तर तेवढ्याशा जागेत १० वॅट उष्णता साठू लागते. म्हणून अर्धा तास भार देऊन प्रत्येक सांध्यावर इन्फ्रारेड तापमापक फिरवला आणि टर्मिनलचे बोल्ट टॉर्क पान्याने, उत्पादकाने दिलेल्या मापापर्यंत कसले. प्रत्येक बॅटरीच्या धन टोकाशी १२५ अँपिअरचा टी-वर्गातील फ्यूज आहे. लिथियम बॅटरीचा शॉर्ट सर्किट करंट हजारो अँपिअरमध्ये जातो आणि स्वस्त फ्यूज वितळल्यानंतरही आतील ठिणगी तोडू शकेलच असे नाही. टी-वर्गाची तोडण्याची क्षमता २० हजार अँपिअर असते. इन्व्हर्टर पहिल्यांदा जोडताना त्यातील रिकामे कपॅसिटर क्षणार्धात एवढा करंट ओढतात की बीएमएसला ते शॉर्ट सर्किट वाटते, त्यामुळे आधी ३० ओहमच्या रोधकातून काही सेकंद कपॅसिटर भरून घेतले आणि मगच मुख्य स्विच लावला.

आता चार्जिंगकडे वळतो, कारण जुन्या व्यवस्थेतून नव्या व्यवस्थेकडे येताना सर्वाधिक बदल इथेच करावा लागतो. लेड-ॲसिड बॅटरी भरत आली की स्वतःच करंट कमी करत जाते. लिथियम मात्र जवळजवळ शेवटपर्यंत मिळेल तेवढा करंट ओढते. साध्या रिलेने (विजेवर चालणाऱ्या स्विचने) ती अल्टरनेटरला, म्हणजे इंजिनावर फिरणाऱ्या वीजजनित्राला, जोडली तर इंजिन संथ चालत असताना, म्हणजे अल्टरनेटरचा पंखाही हळू फिरत असताना, त्याच्यावर पूर्ण भार पडतो आणि त्याची गुंडाळी तापते. दुसरा धोका असा की चार्जिंग जोरात चालू असताना बीएमएसने अचानक संबंध तोडला, तर वाढलेल्या दाबाच्या झटक्याने अल्टरनेटरचे डायोड जाऊ शकतात. मध्ये ३० अँपिअरचा डीसी-टू-डीसी चार्जर, म्हणजे अल्टरनेटरकडून ठरावीक करंटच घेऊन बॅटरी भरणारे उपकरण, बसवल्याने हे दोन्ही धोके टळतात. एका दिवसाचा संपूर्ण खर्च भरून काढायला त्याला सुमारे चार तासांचा प्रवास पुरतो. छतावरील २०० वॅटचे पॅनल चांगल्या उन्हात फ्रिज सांभाळते, शेगडी नाही. सौर नियंत्रकाला आधी बॅटरी आणि नंतर पॅनल जोडावे, एवढे सांगून तो विषय सोडतो.

सर्व चार्जरवर कमाल दाब १४.२ व्होल्ट, फ्लोट (बॅटरी भरल्यानंतर राखायचा दाब) १३.५ व्होल्ट ठेवला आणि इक्वलायझेशन (लेड-ॲसिडसाठीचे मुद्दाम जास्त दाबाचे चार्जिंग) तसेच तापमानानुसार दाब बदलण्याची सोय पूर्ण बंद केली. मध्यंतरीच्या टप्प्यात चारही सेल ३.३३ व्होल्टवर एकसारखे दिसतात आणि त्यावरून सगळे समतोल आहेत असा समज होतो. खरी स्थिती शेवटच्या काही मिनिटांत उघडी पडते. पहिल्या पूर्ण चार्जिंगच्या अखेरीस एका बॅटरीतील एक सेल ३.६१ व्होल्टवर पोहोचला होता आणि उरलेले तीन ३.५३ वर होते. सेलची कमाल मर्यादा ३.६५ व्होल्ट आहे. बीएमएसचे समतोल साधण्याचे काम बहुधा ३.४ व्होल्टच्या वरच सुरू होते आणि तेही अगदी किरकोळ करंटने, त्यामुळे दर वेळी कमाल दाबावर थोडा वेळ थांबू दिले. पुढील काही पूर्ण चार्जिंगनंतर तीच माळ ३.५६, ३.५५, ३.५५ आणि ३.५४ अशी दिसू लागली. बॅटरी कधीच पूर्ण भरू नये, हा सल्ला आयुष्य वाढवण्याच्या हेतूने दिला जातो. तो अक्षरशः पाळणाऱ्यांच्या बॅटरीत सेल हळूहळू एकमेकांपासून दूर जातात.

दाबावरून शिल्लक ओळखण्याची सवय सोडावी लागली. बॅटरी साधारण ९० टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर येते तेव्हा तिचा विश्रांतीतील दाब १३.३ वरून १३.० व्होल्टपर्यंत, म्हणजे अवघा ०.३ व्होल्ट उतरतो. म्हणून ऋण बाजूला ५०० अँपिअर, ५० मिलिव्होल्टचा शंट (करंट मोजण्यासाठीचा अत्यल्प रोध) घालून आत-बाहेर जाणारा करंट मोजणारे मीटर लावले. एकही ऋण तार शंटला वगळून थेट बॅटरीवर जाता कामा नये. फार लहान करंट मोजताना होणारी चूक साठत जाते, म्हणून मधूनमधून पूर्ण चार्ज करून मीटर १०० टक्क्यांवर आणणे आवश्यक ठरते.

थंडीचा प्रश्न अजून शिल्लक आहे. शून्य अंश सेल्सियसच्या खाली बॅटरी वापरता येते, परंतु चार्ज केल्यास ऋणाग्रावर धातुरूप लिथियम जमून कायमची हानी होते. दोन्ही बीएमएस त्या तापमानाला चार्जिंग तोडतात, तरी केवळ त्यांच्यावर न विसंबता सौर नियंत्रकातही पाच अंशांची मर्यादा घातली आहे आणि बॅटऱ्या आसनाखाली, राहण्याच्या जागेतील उबेत ठेवल्या आहेत. गाडी दीर्घकाळ उभी राहणार असेल तेव्हा ५० टक्क्यांच्या आसपास आणून मुख्य स्विच बंद करतो. पुढचे काम बॅटऱ्यांखाली तापपट्टी बसवण्याचे आहे. तिला वीज बॅटरीतून न देता थेट डीसी-टू-डीसी चार्जरच्या इंजिनाकडील बाजूने द्यावी, म्हणजे ती फक्त इंजिन चालू असतानाच तापेल, असा सध्याचा आराखडा आहे.