दाढ काढायची म्हणून रक्त पातळ करायची गोळी बंद करू नका

"दाढ काढायची होती म्हणून पाच दिवस झाले, रक्त पातळ करायची गोळी बंद केलीय." नाशिकमधल्या दातांच्या दवाखान्यांत हे वाक्य वरचेवर ऐकू येतं. कुणी शेजाऱ्याचं ऐकून गोळी बंद केलेली असते, कुणी मेडिकलवाल्याचं. कधी कधी दातांच्याच डॉक्टरने फोनवर तसं सांगितलेलं असतं. त्यामुळे ही पोस्ट नव्याने दवाखाना सुरू केलेल्या सहकाऱ्यांसाठी आहे, आणि ज्यांच्या घरी स्टेंट बसवलेलं, बायपास झालेलं किंवा झडप बदललेलं माणूस आहे त्यांच्यासाठीही.

दाढेच्या खळग्यातून येणारं रक्त दिसतं, बोटाने दाबता येतं, टाका घालून थांबवता येतं. स्टेंटमध्ये गुठळी झाली तर आपल्या खुर्चीवर तिच्यासाठी काहीच करता येत नाही. दोन्ही धोके एका तागडीत घालायचे नसतात. शिवाय रक्त पातळ करणाऱ्या ॲस्पिरिनने एकदा निकामी केलेली प्लेटलेट (रक्त गोठवणारी पेशी) पुन्हा कामाला लागत नाही, तिची जागा नव्या प्लेटलेटने घ्यावी लागते आणि तिचं आयुष्य ७ ते १० दिवसांचं असतं. म्हणजे आदल्या दिवशी गोळी चुकवून रक्तस्राव फारसा कमी होत नाही, आणि पाच-सात दिवस चुकवली तर संरक्षण जातं.

सुरुवात गोळ्यांच्या पिशवीपासून करावी. "मावशी, गोळ्या सांगू नका, पिशवीच आणा" हे अपॉइंटमेंट देतानाच सांगून ठेवावं. रुग्ण म्हणतो, "एकच गोळी आहे, कोलेस्टेरॉलची." पाकीट पाहिलं तर ते इकोस्प्रिन गोल्ड निघतं, म्हणजे एकाच कॅप्सूलमध्ये रक्त पातळ करणारी ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल, शिवाय कोलेस्टेरॉलची ॲटोर्व्हास्टॅटिन. ॲसिट्रॉम (वॉर्फरिनच्या गटातली रक्त पातळ करायची गोळी) दिसली की झडप किंवा ठोक्यांची अनियमितता विचारायची आणि आयएनआरचा, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्या तपासणीचा, कागद मागायचा. पिशवीत बीपीची ॲम्लोडिपिन किंवा निफेडिपिन असेल आणि पुढच्या दातांमधल्या हिरड्या फुगलेल्या असतील, तर नुसत्या सफाईवर न थांबता फिजिशियनला गोळी बदलता येईल का ते विचारावं.

हृदयविकारतज्ज्ञांना चिठ्ठी पाठवताना "फिटनेस द्यावा" एवढंच लिहिलं तर उत्तरही तेवढंच येतं: "फिट फॉर प्रोसिजर, गोळ्या ५ दिवस बंद." प्रश्न नेमका लिहा. कोणती दाढ, साधी की टाके घालून, कोणती भूल आणि किती, रक्तस्राव दाबून थांबवता येण्यासारखा आहे, गोळ्या चालू ठेवणार आहे, आपली हरकत आहे का? स्टेंट कधी बसवला आणि हृदयाची पंपिंग किती टक्के, हेही विचारा. हृदयविकाराचा झटका येऊन ६० दिवस झाले नसतील तर तातडीचं नसलेलं काम पुढे ढकलावं. जुनी पुस्तकं सहा महिने सांगतात. पण सुजलेल्या, ठणकणाऱ्या दाढेला सहा महिने थांबवणं हाही हृदयावर ताणच आहे, म्हणून तिथे तज्ज्ञांशी बोलून ठरवावं.

ॲसिट्रॉम किंवा वॉर्फरिनवर असलेल्या रुग्णाचा आयएनआर शक्यतो २४ तासांतला हवा. नेहमी स्थिर राहणारा असेल तर ७२ तासांपर्यंतचा चालतो. ४ च्या खाली असेल तर गोळी बंद न करता एक ते तीन दाढा काढता येतात. नवी प्रॅक्टिस असेल तर ३.५ ची रेघ आखून घ्यावी. डाबिगाट्रान, ॲपिक्साबान, रिव्हारोक्साबान या नव्या गोळ्यांचा अंदाज आयएनआरवरून येत नाही, तो कागद पाहून निश्चिंत होऊ नका. साध्या कामाला त्या तशाच चालू ठेवतात. तीनपेक्षा जास्त दात किंवा हिरडी उघडायचं काम असेल तर ॲपिक्साबान आणि डाबिगाट्रानचा फक्त सकाळचा डोस गाळतात आणि संध्याकाळचा नेहमीच्या वेळी देतात. सकाळी एकदाच घ्यायची रिव्हारोक्साबान असेल, तर रक्त थांबल्यावर चार तासांनी द्यावी. यातली एखादी आणि ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल असं एकत्र असेल तर तज्ज्ञांना विचारल्याशिवाय हात लावू नका.

आता प्रत्यक्ष काम. वेळ सकाळची आणि आठवड्याच्या पहिल्या तीन दिवसांतली द्यावी. शनिवारी संध्याकाळी दाढ काढलेला सुरगाण्याचा किंवा पेठचा माणूस रात्री नऊला रक्त थुंकू लागला तर त्याला परतायला एसटीही नसते, आणि रविवारी आपण बंद. एका वेळी एकाच बाजूचं काम घ्या. भूल शक्य तिथे दाताजवळच द्या. खालच्या जबड्याचा ब्लॉक (अख्खी बाजू बधिर करणारं इंजेक्शन) द्यावाच लागला तर प्रत्येक वेळी सिरिंजचा दट्ट्या मागे ओढून रक्त येतं का पाहा, कारण तिथलं साकळलेलं रक्त घशाकडे पसरू शकतं. दाढ निघाल्यावर खळग्यातली सुजलेली लाल ग्रॅन्युलेशन (मऊ मांसल ऊती) नीट खरवडून काढा. 'रक्त थांबतच नाही' या तक्रारीत पुष्कळदा दोष गोळीचा नसतो, हीच ग्रॅन्युलेशन मागे राहिलेली असते. मग जिलेटिन स्पंज आत, त्यावर आठच्या आकड्याचा टाका, आणि गॉज घट्ट चावायला लावून घड्याळ लावून ३० मिनिटं. मध्ये उचलून पाहायचं नाही. प्रत्येक वेळी डोकावून पाहिलं की नुकती धरलेली गुठळी गॉजबरोबर निघून येते. रुग्णाला बाहेरच्या बाकावर बसवा आणि अर्ध्या तासाने खळगा पाहूनच सोडा.

रक्ताची गुठळी टिकवून धरणाऱ्या ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडची चूळ हा स्वस्त आणि चांगला आधार आहे. ५ मिलीच्या इंजेक्शनच्या ॲम्प्युलमध्ये ५०० मिग्रॅ असतं. तेवढंच सलाइन मिसळलं की १० मिली, ५ टक्क्यांचं द्रावण तयार. दोन मिनिटं तोंडात नुसतं धरायचं, खुळखुळवायचं नाही, मग हळूच बाहेर सोडायचं. दिवसातून चार वेळा, दोन दिवस. त्यानंतर तासभर काही खायचं-प्यायचं नाही. चोवीस तास गरम चहा आणि तर्रीवाली मिसळ बंद. मिशरी लावणाऱ्या बायकांना मात्र वेगळं, स्पष्ट सांगावं लागतं. "तंबाखू नको" म्हटलं की मिशरी त्यात येते असं त्यांना वाटतच नाही.

घात होतो तो दुखण्याच्या गोळीत. ॲस्पिरिनवरच्या रुग्णाला आपण सवयीने केटोरोलॅक लिहितो आणि मग रक्त का थांबत नाही म्हणून विचारतो. पॅरासिटामॉल ५०० ते १००० मिग्रॅ पुरतं. ॲसिट्रॉमवरच्या रुग्णाला मेट्रोनिडाझोल दिलं तर आयएनआर चढतो, तोंडातल्या बुरशीवर लावायच्या मायकोनाझोल जेलनेसुद्धा चढतो.

भुलेतल्या ॲड्रेनॅलिनची भीती अनाठायी आहे, पण मोजमाप हवंच. हृदयरुग्णाला एका बैठकीत ०.०४ मिग्रॅ ही मर्यादा धरतात. आपल्याकडे १:८०,००० चं लिग्नोकेन वापरतात, त्याच्या एका मिलीत १२.५ मायक्रोग्रॅम ॲड्रेनॅलिन असतं, म्हणजे ३.२ मिली झालं की थांबा. १:२,००,००० चं असेल तर हीच मर्यादा ८ मिलीवर येते. ३० मिलीच्या बाटलीतून भरणाऱ्यांनी सिरिंजवर लक्ष ठेवावं, तिथे भुलेची काडतुसं (एका वेळच्या भरलेल्या नळ्या) मोजायची सोय नसते. ॲड्रेनॅलिन टाळलं आणि भूल अर्धवट राहिली, तर दुखण्याने शरीर स्वतःच त्याहून जास्त ॲड्रेनॅलिन सोडतं. ॲड्रेनॅलिन लावलेली रिट्रॅक्शन कॉर्ड (दाताचं माप घेताना हिरडी बाजूला सारणारा दोरा) मात्र वापरू नका, ॲल्युमिनियम क्लोराइडची घ्या. प्रोप्रॅनोलॉल (ठोके मंद करणारी गोळी) घेणाऱ्यांना आधी एक मिलीच द्या, पाच मिनिटांनी बीपी पाहा.

बीपी मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसवा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर. १८०/११० किंवा त्याहून वर असेल तर ठरवून करायचं काम त्या दिवशी नको. कळवण, दिंडोरीहून पहाटे निघालेली माणसं उपाशी येतात आणि उपाशी म्हणून बीपीची गोळीही घेत नाहीत. नवरात्रात उपवासामुळे हे जास्त होतं. "खाऊन, गोळी घेऊन या" हे आदल्या दिवशी फोन करून सांगितलं की निम्मा घोळ मिटतो. काम झाल्यावर खुर्ची हळूहळू उठवा, दोन मिनिटं बसवा. हृदय कमजोर असलेल्यांना सपाट झोपवू नका, श्वास लागतो.

अँटिबायोटिकचं थोडक्यात. बदललेली झडप, पूर्वी झालेला एंडोकार्डायटिस (हृदयाच्या आतल्या अस्तराचा जंतुसंसर्ग), न दुरुस्त केलेला निळसर पडणारा जन्मजात दोष, किंवा कृत्रिम साहित्य घालून सहा महिन्यांच्या आत दुरुस्त केलेला दोष, यांना हिरडीत हात घालण्यापूर्वी ३० ते ६० मिनिटं ॲमॉक्सिसिलिन २ ग्रॅम, म्हणजे ५०० च्या चार कॅप्सूल एकदम. मुलांना किलोला ५० मिग्रॅ. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर ॲझिथ्रोमायसिन ५०० मिग्रॅ. २०२१ पासून अमेरिकन हार्ट असोसिएशनने क्लिंडामायसिन यादीतून काढलं आहे. स्टेंट, बायपास, पेसमेकर यांना या डोसाची गरज नाही. दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन घेणाऱ्या ऱ्हुमॅटिक हृदयविकाराच्या रुग्णाची झडप बदललेली असेल तर ॲमॉक्सिसिलिन न देता वेगळ्या गटातलं औषध द्या.

एक प्रश्न मात्र प्रत्येक जबडेदुखीला विचारावा: "काका, चालताना, जिना चढताना दुखतं का, आणि थांबलं की बरं वाटतं?" पांडवलेणीच्या पायऱ्या चढताना खालच्या डाव्या जबड्यात कळ येते, दातात कीड नाही, ठोकून दुखत नाही, एक्स-रे स्वच्छ. अशा माणसाची दाढ न काढता त्याला त्याच दिवशी ईसीजीला पाठवा.

आणि खुर्चीतच छातीत दुखू लागलं तर हात थांबवा, रुग्णाला बसतं करा, बीपी घ्या. वरचं बीपी १०० च्या वर असेल तर सॉर्बिट्रेट (छातीतल्या दुखण्यावरची गोळी) ५ मिग्रॅ जिभेखाली, पण आधी गेल्या दोन दिवसांत सिल्डेनाफिल किंवा टॅडालाफिल (लैंगिक ताठरतेच्या गोळ्या) घेतलं का ते विचारूनच. बायको शेजारी उभी असेल तर तिला क्षणभर बाहेर पाठवा, नाहीतर खरं उत्तर मिळत नाही. दुखणं पाच मिनिटांत गेलं नाही तर १०८ ला फोन, आणि ॲलर्जी नसेल तर ॲस्पिरिन ३०० मिग्रॅ चावून खायला. इमारतीचं नाव, जवळची खूण आणि कोणत्या बाजूने जिना आहे हे फोनजवळ चिकटवून ठेवा, कारण त्या वेळी फोन बहुधा सहायकच लावतो. सॉर्बिट्रेटच्या पाकिटावरची मुदत दर तीन महिन्यांनी बघायचं काम एका माणसाच्या नावावर करून द्या.