भर पावसात भोपळा धरला, तोही वाळला नाही

मंडळी, धरलं एकदाचं! मांडवाच्या पूर्वेकडच्या वेलीवरचा भोपळा आज नारळाएवढा आहे आणि देठ हिरवागार, टणक. मागच्या नोंदीतलं दुखणं तुम्हाला आठवत असेल: मादी फूल उमलायचं, खालचं फळ लिंबाएवढं व्हायचं, मग पिवळं पडून बोट लावताच गळायचं.

बऱ्याच जणांनी बोरॉन हे सूक्ष्म अन्नद्रव्य फवारायला सांगितलं. मला ते पटत नव्हतं, कारण वेल जोमदार होती आणि नर-मादी दोन्ही फुलं येत होती. अडलं होतं ते परागणापाशी, म्हणजे नर फुलातला पराग मादी फुलाला लागण्यापाशी. भोपळ्याचं फूल पहाटे उमलतं आणि उन्हं वर येईतो मिटतं, ते पुन्हा उघडत नाही. आमच्या चिपळुणात श्रावणातल्या सरी नेमक्या त्याच वेळी येतात. पावसात सातेरी मधमाश्या फिरकत नाहीत आणि पराग भिजला की पाणी शोषून फुटतो. असला पराग हाताने लावून काय होणार!

आता तोडगा. नर कळीच्या टोकाला केशरी झाक आली की ती दुसऱ्या दिवशी उमलते. अशा कळ्या संध्याकाळीच लांब देठासकट कापायच्या आणि घरात पाण्याच्या पेल्यात ठेवायच्या. उद्या उमलणाऱ्या मादी कळीला मलमलीची पिशवी बांधायची आणि वर प्लास्टिकचा डबा उपडा टांगायचा. सकाळी पेल्यातली फुलं छान उमललेली असतात, बोट लावलं की कोरडी पिवळी पूड लागते. ती पूड पहिल्यांदा बोटावर पाहिली तेव्हाच वाटलं, आज जमणार. पाकळ्या काढून नर फूल थेट कुक्षीवर, म्हणजे मादी फुलाच्या मधल्या पराग धरणाऱ्या भागावर फिरवायचं, तिच्या तिन्ही पाळ्यांवर, आणि एका मादीला दोन नर. पराग एकाच बाजूला लागला तर फळ वाकडं वाढतं. ब्रशच्या मी पूर्ण विरोधात आहे, निम्मा पराग केसांतच अडकतो.

दुसरं फळही धरलं होतं, पण त्याच्यावर फळमाशीचा डंख सापडला. सालीवर डिंकाचा पारदर्शक थेंब, खाली सुईच्या टोकाएवढं भोक. कापलं तर आत अळ्या. सापळा लावलेला होता, पण दुकानदाराने त्यात ठेवायला मिथाइल युजेनॉल या आमिषाची वडी दिली होती. ती आंब्यावरच्या फळमाशीची! वेलवर्गीय भाज्यांना क्यू ल्यूर हे वेगळं आमिष लागतं, वेष्टनावरचं नाव वाचूनच घ्या. तेही फक्त नर माश्या ओढतं, डंख मारणारी मादी मोकळीच राहते. म्हणून आता परागणानंतर पुन्हा बांधलेली पिशवी काढायचीच नाही, फळ वाढेल तशी मोठी बांधत जायची.

खतात बदल नाही. खोडाशी गांडूळ खत आणि निंबोळी पेंड, बस.

आता शेंडा खुडून सगळा जोर या एका फळाला द्यायचा बेत होता. पण लिहिता लिहिताच वाटतंय, कुंपणाकडे गेलेला फाटा खुडण्याऐवजी जमिनीवर उतरवावा. पेरं मातीला टेकली की मुळं धरतात, वेलीला जादा अन्न मिळेल. पाणी साचू नये म्हणून आधी मातीचा उंचवटा करावा लागेल. उद्या उघडीप मिळाली तर तेच काम. शेंडा तूर्त राहू दे. आणि कुणाकडे अर्का चंदन या भोपळ्याच्या वाणाचं ताजं बी असेल तर कळवा, उन्हाळी लागवडीला हवंय.