बाई, आजोबांच्या पुस्तकात तर १६२७ आहे

चौथीच्या वर्गात शिवजन्माचा धडा चालू होता. फळ्यावर मी १९ फेब्रुवारी १६३० असे लिहिले आणि मागच्या बाकावरून एक मुलगी उठली. "बाई, आमच्या आजोबांच्या पुस्तकात तर १६२७ आहे." दुसऱ्या दिवशी ती पुस्तक घेऊनच आली. पुठ्ठा निखळलेला, पहिली दोन पाने गायब, पण आत स्वच्छ छापलेले: शके १५४९, वैशाख शुद्ध द्वितीया. मी म्हटले, "ते जुने मत आहे, आता बदलले." तिने विचारले, "कोणी बदलले?"

मला उत्तर देता आले नाही. बावीस वर्षे सातारा जिल्ह्यात शिकवते आहे, इतिहास घेऊन एम. ए. केले आहे, आणि चौथीतल्या मुलीच्या दोन शब्दांपुढे मी गप्प झाले. ते दिवसभर मनाला लागून राहिले.

घरी आल्यावर माळ्यावरून एम. ए. च्या वह्या काढल्या. 'प्राथमिक व दुय्यम साधनांतील फरक स्पष्ट करा' हा दहा मार्कांचा प्रश्न ठरलेला असायचा आणि एका गाईडमधून उचललेले उत्तर आम्ही सगळ्यांनी पाठ केले होते. प्राथमिक साधने म्हणजे ताम्रपट, शिलालेख, नाणी, पत्रे, बखरी. दुय्यम साधने म्हणजे नंतरच्या लेखकांचे ग्रंथ आणि पाठ्यपुस्तके. ते वाचता वाचता माझ्या लक्षात आले की या यादीने गेले तर मुलीचे आजोबाच बरोबर ठरतात. १६२७ चा आधार बखरींत आहे, मल्हार रामराव चिटणीसांच्या बखरीतही आहे. बखर प्राथमिक आणि माझ्या हातातले चौथीचे पुस्तक दुय्यम! मग मुलांना मी १६३० कोणत्या तोंडाने सांगते आहे?

उन्हाळ्याच्या सुट्टीत एसटीने पुण्याला गेले. तिथल्या एका संदर्भ ग्रंथालयात रोज येऊन बसणारे एक वयस्कर गृहस्थ होते, सगळे त्यांना काका म्हणत. मी माझी अडचण सांगितली. त्यांनी विचारले, "बखर केव्हाची?"

"शिवाजी महाराजांची."

"कोणाची ते नाही विचारत. बखर केव्हाची?"

चिटणीसांची बखर १८१० च्या सुमाराची. म्हणजे शिवजन्मानंतर एकशे ऐंशी वर्षांची. माझ्या खापरपणजोबांचे लग्न कोणत्या तिथीला लागले हे मी आज कोणाला विचारून लिहावे, तसा तो प्रकार. मल्हार रामराव हे महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी यांच्या वंशातले, घरात जुने कागद होते, सातारच्या गादीची चाकरी होती. तेव्हा ती बखर टाकाऊ अजिबात नाही. पण जन्मतिथीच्या बाबतीत तो माणूस आपल्यासारखाच, दुसऱ्याचे वाचून-ऐकून लिहिणारा. जुने दिसते ते अस्सल, हा माझा समज त्या एका प्रश्नाने मोडला.

काकांनी वहीत पाच रकाने आखायला लावले. घटना कधीची, लिहिले कधी, लिहिले कोणी, कोणासाठी, आणि लिहिणाऱ्याला ते कळले कसे. महिनाभर मी जे जे वाचले ते या रकान्यांत भरत गेले. शेवटचा रकाना सर्वांत जड जातो. तो बऱ्याचदा रिकामाच राहतो, आणि तो रिकामा आहे हे दिसणे हेच मोठे काम होते.

मग जेधे शकावली हातात घेतली. भोरजवळच्या कारी गावच्या जेधे देशमुखांच्या घरची ही टिपणवही. ती लोकमान्य टिळकांना मिळाली आणि १९१६ साली छापून आली. तिच्यात शके १५४० ते १६१९ या काळातल्या नोंदी आहेत, त्याही कशा, तर बहुतेक एकेका ओळीच्या. शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार, हस्त नक्षत्र, शिवनेरीवर जन्म. वर्णन नाही, अलंकार नाही. वाचताना अंगावर काटा आला.

इथे माझी चूक झाली. शकात अठ्ठ्याहत्तर मिळवले की इसवी सन येतो, एवढेच मला पाठ. १५५१ अधिक ७८ म्हणजे १६२९. ना १६२७, ना १६३०! मला वाटले तिसरीच तारीख निघाली. काकांनी शांतपणे विचारले, "महिना कोणता? आणि शक कधी बदलतो?" फाल्गुन हा शकाचा शेवटचा महिना, शक बदलतो पाडव्याला. तोवर इंग्रजी वर्ष पुढे गेलेले असते. म्हणून फाल्गुनाला एकोणऐंशी मिळवायचे. १६३०.

वार जुळतो का तेही पाहिले. मोबाइलमधल्या दिनदर्शिकेत १९ फेब्रुवारी १६३० टाकले तर मंगळवार आला. शकावली म्हणते शुक्रवार. रात्रभर ते डोक्यात घोळत होते. सकाळी उलगडा झाला: १९ फेब्रुवारी ही तारीख जुन्या ज्युलियन गणनेची आहे. इंग्रजांनी आजची गणना घेतली ती थेट १७५२ मध्ये, आणि सतराव्या शतकात दोन्हींत दहा दिवसांचे अंतर होते. आजच्या गणनेने तो दिवस येतो १ मार्च १६३०. ती तारीख टाकली. शुक्रवार! स्वयंपाकघरात उभ्या उभ्या मी "जुळला, जुळला" म्हणून ओरडले.

पण शकावली हीसुद्धा जन्माच्या खोलीत बसून कोणी लिहिलेली नाही. तिच्या नोंदी १६९७ पर्यंत येतात, म्हणजे ती संकलित केलेली वही आहे. मग तिच्यावर विश्वास का ठेवायचा? एक तर तिच्यातल्या इतर नोंदी दुसऱ्या कागदांशी ताडून पाहता येतात आणि खूप ठिकाणी जुळतात. शिवाय महाराजांच्या हयातीत कवींद्र परमानंदांनी रचलेल्या संस्कृत शिवभारतात हीच तिथी आहे. राजस्थानात सापडलेल्या एका जन्मकुंडलीशीही ती जुळते. कारीचे देशमुख, संस्कृत कवी आणि राजस्थानातला ज्योतिषी, या तिघांनी एकमेकांना विचारून लिहिले असण्याचा संभव फार थोडा. 'कोणी बदलले' याचे उत्तर मला इथे मिळाले.

इतक्यावर थांबता आले असते. पण काकांनी राज्याभिषेकाचे कागद वाचायला सांगितले, आणि खरे शिक्षण तिथे झाले.

६ जून १६७४ ला रायगडावर हेन्री ऑक्झिंडन हा इंग्रजांचा वकील, म्हणजे दूत, हजर होता. राजापूरच्या वखारीच्या लुटीची भरपाई आणि व्यापाराचा तह ही त्याची कामे. त्याचा वृत्तांत मी आधी सारांशरूपाने वाचला होता. पुढे पूर्ण वाचला तेव्हा कळले की सारांशात नेमके डोळ्यांनी पाहिलेलेच गळून जाते. सिंहासनाच्या दोन्ही बाजूंना सोनेरी भाल्यांवर चिन्हे होती. उजवीकडे मोठ्या दातांच्या माशांची दोन सोन्याची मस्तके, डावीकडे घोड्यांच्या शेपट्या आणि समतोल राखलेला सोन्याचा तराजू. ऑक्झिंडनने मुजरा केला तेव्हा दुभाष्या नारायण शेणव्याने नजराण्याची हिऱ्याची अंगठी उंच धरली, मग महाराजांचे लक्ष गेले आणि इंग्रजांना सिंहासनाच्या पायरीपर्यंत बोलावणे आले. दरवाजापुढे दोन छोटे हत्ती उभे होते. इतक्या अवघड वाटेने हे जनावर वर आणले कसे, हे त्याला उमजेना. रायगडाच्या पायऱ्या मी दोनदा चढले आहे, पण हा प्रश्न माझ्या मनात कधी आला नव्हता. परक्या माणसालाच तो पडला.

आता दुसरा कागद. कृष्णाजी अनंत सभासद. त्यांनी बखर लिहिली १६९४ मध्ये, जिंजीला, छत्रपती राजाराम महाराजांसाठी. राज्याभिषेकाला वीस वर्षे झालेली, स्वराज्यावर औरंगजेबाचे संकट, राजा महाराष्ट्रापासून शेकडो कोस दूर. त्यांच्या बखरीत तख्त बत्तीस मण सोन्याचे आहे आणि सोहळ्याचा खर्च एक क्रोड बेचाळीस लक्ष होन. ऑक्झिंडनने सुवर्णतुलेचा आकडा दिला आहे तो सोळा हजार होनांच्या आसपास. पहिल्या वाचनात मी निकाल लावून टाकला: इंग्रज खरा, सभासद फुगवून सांगणारे.

काका पहिल्यांदाच जरा कडक बोलले. "ताई, सोहळ्याचा अर्थ इंग्रजाला कळला होता का?"

पुन्हा बखर उघडली. तिथे ते वाक्य आहे: "मऱ्हाटा पातशहा येवढा छत्रपती जाला, ही गोष्ट काही सामान्य जाली नाही." ऑक्झिंडनजवळ हे वाक्य असणे शक्यच नव्हते. त्याला माशांची मस्तके दिसली, तराजू दिसला, तहाची कलमे दिसली. गडावर जमलेल्या माणसांच्या मनात काय उसळले होते ते सभासदांनी सांगितले. आकड्यांसाठी मी त्यांच्याकडे सावधपणे जाईन, पण त्या पिढीला राज्याभिषेक केवढा वाटला हे जाणून घ्यायला सभासदांशिवाय गत्यंतर नाही. एकच बखर एका प्रश्नाला कच्ची आणि दुसऱ्याला अस्सल.

मग माझे मलाच सुचले की चिटणीसांच्या बखरीचेही तेच. शिवजन्माला ती दुय्यम. पण १८१० मध्ये, पेशवाईच्या अखेरीस, सातारच्या दरबारात महाराजांकडे कसे पाहत होते, हा प्रश्न धरला की ती पहिल्या प्रतीचे साधन होते. 'प्राथमिक' हा शिक्का कागदावर मारलेला नसतो, आपण काय विचारतो त्यावर तो ठरतो. हे गाईडच्या त्या यादीने आम्हा शेकडो विद्यार्थ्यांना कधी कळू दिले नाही, याचा मला आजही राग येतो.

इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे यांचे खंड वाचताना हे आणखी पक्के झाले. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' याचा पहिला खंड १८९८ चा, पानिपतापर्यंतच्या पत्रांचा. पत्रे अस्सल. त्यापुढची राजवाड्यांची दीर्घ प्रस्तावना मात्र त्यांचे स्वतःचे विवेचन, म्हणजे दुय्यम. एकाच पुठ्ठ्यात दोन्ही! आणि पुस्तक छापील आहे म्हणून आतली पत्रे दुय्यम होत नाहीत, हेही मला तेव्हाच नीट कळले. माझा आधी उलटा समज होता.

त्याच वर्षी मोडीचा वर्ग केला. आधी आडवी शिरोरेघ ओढायची आणि लेखणी शक्यतो न उचलता खाली अक्षरे लिहीत जायची. दोन शब्दांत मोकळी जागा नाही. तारखेच्या आधी 'छ' दिसला की तो चंद्र, म्हणजे पुढे मुसलमानी महिन्याची तारीख. 'इहिदे सितैन मया व अलफ' हे मंत्रासारखे शब्द म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार. सुहूर सन (जुन्या मराठी कागदांतली एक कालगणना) ११६१, ज्या वर्षात पानिपत झाले ते.

वाचता येऊ लागल्यावर बाबांनी देवघराच्या कपाटातून पत्र्याची नळी काढून दिली. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात की ओढ्याकाठचे शेत पूर्वजांना पराक्रमाबद्दल इनाम मिळाले. नळीत तेच इनामपत्र आहे असे सगळे धरून चालले होते. चार रात्री लावून मी ते वाचले. स्टँपाचा कागद होता, विसाव्या शतकातला. माझ्या पणजोबांनी शेजारच्या वाडीतल्या एकाकडून रोख रुपये देऊन शेत विकत घेतल्याचे ते खरेदीखत होते.

बाबांना कसे सांगावे कळेना. शेवटी मोठ्याने वाचूनच दाखवले. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे माझ्या आज्याने कष्टाच्या पैशाने घेतले." थोड्या वेळाने म्हणाले, "मग इनामाची गोष्ट कोणी सुरू केली असेल?" ऐंशीच्या घरातल्या माझ्या बाबांनी तो प्रश्न विचारला याचा मला फार आनंद झाला. खरेदीखत व्यवहाराचा पुरावा आहे. इनामाची गोष्ट दुसऱ्या कशाचा तरी पुरावा आहे, आणि तिचा माग मी अजून काढते आहे. आत्याकडून ऐकलेले सगळे मी आता तारीख घालून, तिच्याच शब्दांत लिहून ठेवते.

जूनमध्ये शाळा उघडली. ती मुलगी पाचवीत गेली होती. तिला मधल्या सुट्टीत बोलावले, वहीतले पाच रकाने दाखवले आणि आजोबांच्या पुस्तकासाठी ते भरायला सांगितले. 'लिहिले कधी' इथे ती अडली, कारण पुस्तकाची पहिली पाने फाटलेली. सोमवारी धावतच आली. मागच्या पुठ्ठ्याच्या आत एक चिठ्ठी चिकटवलेली सापडली होती: चौथीत पहिला नंबर आल्याबद्दल बक्षीस, सन १९६४, खाली हेडमास्तरांची सही.

"म्हणजे पुस्तक १९६४ च्या आधीचे ना, बाई?"

"हो. निदान तेवढे तरी नक्की."

ती रकाना भरू लागली, आणि मध्येच थांबली. "बाई, मग ही चिठ्ठी प्राथमिक का?"

"कशासाठी?"

तिने थोडा विचार केला. "शिवाजी महाराजांसाठी नाही. आजोबांच्या पहिल्या नंबरासाठी."