अंधारातली पावले

घर बदलायचे ठरले तेव्हा आम्ही सर्वांत आधी सामानाची यादी केली आणि पुढचे दोन महिने त्या यादीमागे धावत राहिलो. खोकी किती लागतील, कपाट दारातून बाहेर निघेल का, टेम्पोच्या किती फेऱ्या होतील, या प्रश्नांचे एक बरे असते की त्यांना उत्तरे असतात. सामान हलवून देणारी माणसे कपबश्या इतक्या मायेने कागदात गुंडाळतात की आपण त्या इतकी वर्षे फळीवर कशाही रचत आलो याची लाज वाटावी. तरीही घरातले वातावरण काही निवळत नाही. चिकटपट्टीचे टोक नखाने शोधत शोधत मी आणि माझी पत्नी एकमेकांवर ज्या आवाजात बोललो, तो आवाज चिकटपट्टीसाठी नव्हता, हे दोघांनाही त्याच वेळी कळत होते.

थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या दोन अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी १९६७ साली आयुष्यातल्या ४३ घटनांना ताणाचे गुण दिले होते. जोडीदाराच्या मृत्यूला १०० आणि राहते घर बदलण्याला अवघे २०. हे वाचून मला प्रथम हायसे वाटले, पण यादी पुढे वाचत गेलो तसे ते ओसरले. राहणीतल्या बदलाला वेगळे २५ गुण आहेत, शाळा बदलण्याला २०, झोपेच्या सवयी बदलण्याला १६. आमच्या घरात हे सगळे एकाच आठवड्यात घडणार होते. बेरीज ८१ झाली आणि त्याच यादीत घटस्फोटाला ७३ आहेत. चिकटपट्टीचे भांडण मला एकदम समजले.

यादीत न बसणारी गोष्ट आईमुळे लक्षात आली. जुन्या घरात ती रात्री दिवा न लावता उठायची. पलंगापासून न्हाणीघरापर्यंत अकरा पावले. चौथ्या पावलाला डावा हात कपाटाच्या कडेला लागायचा, नवव्या पावलाला फरशीचा किंचित उचललेला कोपरा तळपायाला कळायचा आणि मग दाराची कडी. नवे घर पाहायला गेलो तेव्हा आम्ही खिडक्या, ऊन, पाण्याचा दाब वगैरे बघत फिरत होतो आणि ती मात्र तिच्या होऊ घातलेल्या खोलीतून न्हाणीघराकडे सावकाश चालून पाहत होती. परत येऊन म्हणाली, "सतरा आहेत. आणि मध्ये एक वळण."

तेव्हा वाटले की आपण घर म्हणून जे म्हणतो, त्यातला मोठा भाग भिंतींत नसून आपल्या हातापायांत साठलेला असतो. न बघता बटण दाबणे, झोपेतच कुशीवर वळून पाण्याचा तांब्या शोधणे, कुठला नळ किती पिळल्यावर थांबतो हे मनगटाला ठाऊक असणे, हे ज्ञान खोक्यात भरता येत नाही. ते जुन्या जागी तसेच राहते आणि नव्या जागी प्रत्येक लहान हालचालीला विचार करावा लागतो. दिवसभर असा विचार करून माणूस थकतो आणि आपल्याला वाटते की तो सामान उचलून थकला.

म्हणून आईच्या खोलीपुरता आम्ही बेत बदलला. तिच्यासाठी नवे कपाट घेण्याचा विचार होता तो सोडला. जुने कपाट तिच्या पलंगापासून पूर्वीइतक्याच अंतरावर, डाव्या हाताला येईल असे ठेवले. पलंग तिला नेहमीच्याच बाजूने उतरता येईल असा लावला आणि वळणापाशी एक मंद दिवा बसवला. पहिले चार-पाच दिवस ती दुपारी, कोणी बघत नाही असे पाहून, डोळे मिटून तो रस्ता चालायची.

आठ वर्षांच्या मुलीच्या बाबतीत मात्र आमचे चुकलेच. तिला वाईट वाटेल म्हणून आम्ही तिला सर्वांत शेवटी सांगायचे ठरवले होते, पण फोनवरच्या बोलण्यातून तिला ते केव्हाच कळले होते. तिचा राग घर बदलण्यावर कमी आणि न सांगण्यावर जास्त होता. नंतर आम्ही तिला काही खरे निर्णय दिले. आपला पलंग कोणत्या भिंतीला लावायचा हे तिने ठरवले. तिची खोली सर्वांत शेवटी आवरली आणि नव्या घरात सर्वांत आधी लावली. "माझे. हात लावू नये," असे लिहिलेल्या तिच्या खोक्यात वाळलेली स्केचपेने, एका घड्याळाचा पट्टा आणि पेन नसलेली सात टोपणे होती. ती फेकून द्यायला माझे हात शिवशिवत होते. घर हलवताना फेकाफेक करणे हा मोठ्या माणसांचा आवडता खेळ असतो, विशेषतः वस्तू दुसऱ्याच्या असतील तर. आमच्याकडे त्यानंतर नियम झाला की ज्याने त्याने आपलेच टाकायचे.

बाकी युक्त्या सर्वांना माहीत असतात. पुस्तके लहान खोक्यांत भरावीत, खोक्यातल्या वस्तूंची नावे झाकणावर न लिहिता बाजूला लिहावीत, कारण एकावर एक रचली की झाकणे दिसत नाहीत. पलंगाचे स्क्रू पिशवीत घालून पलंगालाच बांधावेत. मी ते "सुरक्षित जागी" ठेवले आणि पहिल्या रात्री आम्ही सगळे जमिनीवर गाद्या टाकून झोपलो.

झोपलो म्हणजे पडलो. अमेरिकेतल्या ब्राऊन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ साली दाखवले होते की अनोळखी जागी पहिल्या रात्री मेंदूचे दोन्ही अर्धगोल सारखे झोपत नाहीत, डावा काहीसा सावध राहतो आणि बारीक आवाजालाही दाद देतो. आम्ही तर नव्या घरासाठी म्हणून चादरी-अभ्रे सगळे धुऊन घेतले होते. ओळखीचा वास असलेली एकही गोष्ट उशाशी नव्हती. आता कोणी विचारले तर मी सांगतो की पहिल्या रात्रीसाठी वापरातलेच अभ्रे ठेवा, आणि औषधे, टॉवेल, चार्जर, कात्री यांची पिशवी स्वतःच्या हातात घ्या.

पुढे एकदा बटणासाठी चुकीच्या भिंतीवर हात फिरवताना मी आईला सांगितले की लंडनमधल्या एका अभ्यासात साधी सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागल्याचे आढळले होते, कोणाला १८ तर कोणाला २५४. तिने बोटांवर हिशेब केला आणि म्हणाली, "म्हणजे माझे अजून चाळीस राहिले."

परवा रात्री मला जाग आली. पलीकडून तिची पावले ऐकू आली, वळणापाशी न थबकता पुढे गेली, कडी वाजली. सकाळी मी विचारले, "आता किती होतात गं? सतराच का?"

"कोण जाणे," ती म्हणाली, "मोजली नाहीत."