१०२४ अक्षरांपलीकडचा पाथ

सांगलीत विश्रामबागेतल्या घरी बसून मी एका सॉफ्टवेअर कंपनीच्या माहितीपुस्तिका तपासण्याचे काम करतो. प्रोग्रामरने लिहिलेला कोड कंपाइल करणे, म्हणजे संगणकाला चालवता येईल अशा रूपात बदलणे, त्याला लागणाऱ्या लायब्रऱ्या, म्हणजे इतरांनी लिहिलेल्या तयार कोडचे संच, उतरवून घेणे, चाचण्या चालवणे आणि शेवटी वापरण्याजोगे पॅकेज बांधणे ही सगळी कामे जे साधन करते त्याला बिल्ड टूल म्हणतात. असे एक टूल संगणकावर कसे बसवायचे, हे सांगणारे प्रकरण माझ्याकडे असते. त्यातली प्रत्येक पायरी लिहिल्याबरहुकूम पाळली, तर टूल खरोखर चालते का, एवढेच मला पाहायचे असते. नवखा विद्यार्थी या पहिल्या प्रकरणात अडला, तर तो पुस्तिकेला दोष देत नाही, ‘आपल्यालाच जमत नाही’ असे समजून गप्प बसतो. म्हणून हे काम मला फार मोलाचे वाटते.

स्वतःच्या रोजच्या संगणकावर ही तपासणी करून चालत नाही. तिथे टूलला लागणारी जावा ही प्रोग्रामिंग भाषा आधीच बसवलेली असते, लायब्रऱ्या पूर्वीच उतरवून ठेवलेल्या असतात, त्यामुळे पुस्तिकेतली एखादी पायरी सुटली असली तरी काम अडत नाही आणि चूक लपून राहते. म्हणून मी दर वेळी कोऱ्या विंडोजचे किंवा लिनक्सचे व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकाच्या आतच चालणारा वेगळा आभासी संगणक, उघडतो आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात करतो. या पद्धतीने कितीतरी चुका सापडल्या आहेत. मेक या बिल्ड टूलच्या सूचना ज्या मेकफाइलमध्ये लिहितात, तिच्यात आज्ञेच्या ओळीआधी टॅब असावा लागतो, पण पानावरून नक्कल करताना त्या जागी स्पेस आल्या आणि मेक ‘मिसिंग सेपरेटर’ म्हणून थांबले. लिनक्सवर ग्रेडल या दुसऱ्या बिल्ड टूलच्या रॅपर फाइलला, म्हणजे ते टूल सुरू करणाऱ्या फाइलला, चालवण्याची परवानगीच नव्हती आणि पुस्तिकेत त्याचा उल्लेख नव्हता. कोऱ्या मशीनवर माझा पूर्ण विश्वास बसला होता तो यामुळेच.

गेल्या जुलैत माझी भाची आमच्याकडे राहून इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती. मी नुकतेच तपासून मंजूर केलेले प्रकरण एकदा खऱ्या विद्यार्थ्याच्या हातून पार पडताना पाहावे, म्हणून मी तिला तिचा लॅपटॉप घेऊन बसायला सांगितले. अट एकच होती, की मी शेजारी बसेन, पण काही बोलणार नाही. तपासणाऱ्याने मध्येच एक शब्द सांगितला, तर तो शब्द पुस्तिकेत नाही हे नोंदवायचे राहून जाते.

पहिल्या तीन पायऱ्या सहज झाल्या. चौथ्या पायरीत टूलच्या बिन फोल्डरचा, म्हणजे त्याच्या चालणाऱ्या फाइल जिथे असतात त्या फोल्डरचा, पत्ता पाथमध्ये जोडायचा होता. पाथ म्हणजे टाइप केलेली आज्ञा विंडोजने कोणकोणत्या फोल्डरांत शोधायची याची यादी. त्यासाठी पुस्तिकेत सेटएक्स ही आज्ञा दिली होती: सध्याचा सगळा पाथ घ्यायचा, शेवटी नवा पत्ता जोडायचा आणि साठवून टाकायचे. खाली वाक्य होते, ‘सक्सेस असा संदेश आल्यास पुढे जा.’ तिने ओळ चिकटवून एंटर दाबले. पडद्यावर दोन ओळी आल्या. पहिलीत मजकूर १०२४ अक्षरांपर्यंत कापला जात असल्याची वॉर्निंग होती आणि दुसरीत सक्सेस.

“मामा, सक्सेस आलंय. जाऊ का पुढं?” असे तिने विचारले. मी अटीप्रमाणे गप्प राहिलो आणि वहीत वेळ टिपून घेतली.

तिने आज्ञा टाइप करायची नवी कमांड विंडो उघडून टूलचे नाव टाइप केले, तर अशी आज्ञा ओळखता येत नाही असे उत्तर आले. विंडोच बिघडली आहे का, हे बघायला तिने पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेचे नाव टाइप केले. रोज चालणारे तिचे पायथॉनही ओळखले गेले नाही, आणि दुसऱ्या दिवशी तिला त्याच पायथॉनमधला प्रोजेक्ट सबमिट करायचा होता. तिचा चेहरा उतरला. “सगळं बंद करून रीस्टार्ट मारते,” असे म्हणून तिने माउस जुन्या विंडोच्या कोपऱ्यातल्या फुलीवर नेला.

तिथे मात्र मी अट मोडली. “अगं थांब, ती विंडो बंद करू नकोस!”

सेटएक्सने केलेला बदल फक्त पुढे उघडणाऱ्या विंडोंना लागू होतो. आधीपासून उघड्या असलेल्या विंडोकडे जुना पाथ जसाच्या तसा राहतो. त्या क्षणी तिचा अख्खा पाथ हाताशी असलेली ती एकच जागा होती. त्या विंडोतून पाथचा मजकूर एका फाइलमध्ये उतरवून घेतल्यावरच मी मोकळा श्वास घेतला.

मग काय झाले होते ते आम्ही दोघांनी मिळून पाहिले. पाथ दोन ठिकाणी साठवलेला असतो, एक साऱ्या संगणकाचा आणि एक त्या वापरकर्त्याचा. कमांड विंडोला दिसतो तो दोन्ही जोडून, संगणकाचा आधी आणि वापरकर्त्याचा नंतर. पुस्तिकेतल्या आज्ञेने ही जोडलेली लांबलचक ओळ उचलली आणि एकट्या वापरकर्त्याच्या खात्यावर लिहिली. तीन वर्षांत भाचीने गिट, मायएसक्यूएल, नोड, दोन जावा असे बरेच काही बसवले होते. ओळ अकराशे अक्षरांच्या वर गेली होती. सेटएक्स १०२४ अक्षरांपुढचे ठेवत नाही, ही मर्यादा मायक्रोसॉफ्टने स्वतःच्या माहितीत नोंदवलेली आहे. त्यामुळे शेवटी असलेले सगळे गेले: तिचे पायथॉन गेले आणि आम्ही नुकताच जोडलेला टूलचा पत्ताही गेला. साठवलेल्या पाथची शेवटची नोंद मी उघडून पाहिली, तर ‘प्रोग्राम्स’ या फोल्डरच्या नावातले ‘प्रोग’ एवढेच उरले होते आणि ओळ तिथेच तुटली होती.

हीच पायरी मी व्हर्च्युअल मशीनवर तीनदा केली होती आणि तीनही वेळा ती पार पडली होती, कारण कोऱ्या विंडोजचा पाथ इतका आखूड असतो, की कापण्याजोगे काही नसतेच. ज्या कोरेपणामुळे सुटलेल्या पायऱ्या मला सापडत होत्या, त्याच कोरेपणामुळे ही चूक झाकली गेली होती. वाचकाचा संगणक माझ्यासारखा भरलेला नसतो हे मी धरून चाललो होतो; तो त्याच्या स्वतःच्या गोष्टींनी भरलेला असतो, हे मात्र मी धरले नव्हते.

दुरुस्तीला तास गेला. फाइलमधली ओळ अर्धविरामांवर तोडून आम्ही एकेक पत्ता वेगळा केला, त्यातले संगणकाच्या यादीत असलेले वगळले, आणि उरलेले तिच्या खात्याच्या पाथमध्ये एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्सच्या खिडकीतून एकाखाली एक परत भरले. नवी विंडो उघडून तिने पायथॉन टाइप केले. ते चालले.

त्याच रात्री मी संपादकांना कळवले, की हे प्रकरण ताबडतोब मागे घ्यावे, त्याला मंजुरी मीच दिली होती. सेटएक्सची पायरी काढून त्या जागी खिडकी उघडून ‘न्यू’ दाबून एकच पत्ता जोडण्याची पायरी मी लिहिली, आणि तिच्याआधी सध्याचा पाथ फाइलमध्ये उतरवून ठेवण्याची एक ओळ घातली. ‘सक्सेस आल्यास पुढे जा’ हे वाक्यही काढले. त्याऐवजी नव्या विंडोत टूलची आवृत्ती विचारायची आणि पडद्यावर नेमके काय दिसायला हवे, ते शब्दशः दिले.

आता माझ्याकडे दोन व्हर्च्युअल मशीन आहेत. एक कोरे आहे. दुसऱ्यात मी गिट, नोड, पायथॉन, दोन जावा आणि नावात स्पेस असलेले फोल्डर मुद्दाम भरून ठेवले आहेत, आणि त्याचा पाथ तेराशे अक्षरांच्या पुढे आहे. सुधारलेले प्रकरण मी दोन्हींवर चालवले आणि मग पुन्हा भाचीसमोर ठेवले. या वेळी मला एकदाही बोलावे लागले नाही.