पैठणी घेताना पदर उलटा करून बघा ना!

लग्नसराई आली की हा प्रश्न येतोच, सेमी (म्हणजे मशीनवरची) पैठणी आणि खरी हातमागाची, दोन्ही दिसायला सारख्याच मग किमतीत एवढा फरक का? दुकानदार काय सांगतो ते राहू द्या, पदर सरळ उलटा करा. हातमागावरच्या पदरात मोर, मुनिया (पोपट), आसावलीची वेल मागच्या बाजूनेही जवळपास पुढच्यासारखीच दिसते, लोंबते धागे नाहीत, कारण प्रत्येक रंगाच्या धाग्याची वेगळी छोटी कांडी असते आणि विणकर ती हाताने तेवढ्याच ताण्यांतून (उभ्या धाग्यांतून) फिरवून शेजारच्या रंगात अडकवतो, की मग पुढची ओळ. मशीनच्या साडीत मागे धाग्यांचं जंगल किंवा कापलेली टोकं. झालं, कळलं!

आता विचार करा, भरगच्च पदर असेल तर दिवसभर बसून काही इंचच पुढे सरकतो, एका साडीला महिनेसुद्धा लागतात. येवल्यात कित्येक घरांत मागाचा खड्डा घरातच असतो, घरचेच कुणी कांड्या भरतात, कुणी ताणा लावतात, पण पैसे मोजताना फक्त विणणाऱ्याचेच कष्ट धरले जातात (तेही नीट नाही म्हणा). २०१० मध्ये पैठणीला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, छान झालं, पण पैठणीच्या नावाने मशीनचा माल अजून सर्रास विकला जातोय आणि खऱ्या पैठणीच्या किमतीत आपणच घासाघीस करतो. सेमी घ्या की, बजेट असतं प्रत्येकाचं, फक्त तिला सेमीच म्हणा.