आमची वाटचाल : पिकअपची वाट पाहताना

हॉटेलांची आणि कॅन्टीनची स्वयंपाकघरं उभी करणं हा आमचा धंदा. भांडुप पश्चिमेला, लालबहादूर शास्त्री मार्गालगतच्या एका औद्योगिक वसाहतीत आमचा गाळा आहे. वर्किंग टेबल, तीन कप्प्यांचं सिंक, डोशाची भट्टी, चायनीज रेंज, इडलीचा स्टीमर, वरचा धूर ओढणारा हूड, असं स्टेनलेस स्टीलचं जे जे उपाहारगृहाच्या आतल्या बाजूला असतं ते आम्ही बनवतो. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, १९९६ मध्ये एक वेल्डिंग मशीन आणि दोन कारागीर घेऊन सुरुवात केली. त्याआधी ते याच रस्त्यावरच्या एका कारखान्यात शीटमेटलच्या खात्यात होते. कारखाना बंद पडला, हिशेबाचे पैसे मिळाले, त्यातून गाळ्याचं डिपॉझिट भरलं. आता मापं, ड्रॉइंग आणि कारागीर माझा धाकटा भाऊ बघतो. ऑर्डर, खरेदी आणि हिशेब माझ्याकडे.

वाटचाल लिहायची म्हटलं की पहिली ऑर्डर, पहिलं मोठं गिऱ्हाईक असं सगळं यायला हवं. ते आहेच. पण आज आमची फर्म ज्या पद्धतीने काम करते, ती पद्धत ठरली २०२१ च्या दसऱ्यापासून २०२२ च्या पावसाळ्यापर्यंत, बुक केलेली पिकअप येत नव्हती त्या काळात. म्हणून मी तेच सांगणार आहे.

आधी गाडी का हवी होती ते. स्टीलचा पत्रा बाजारात आठ बाय चार फुटांचा येतो, म्हणजे २४४० बाय १२२० मिलिमीटर. अठरा गेजचा, साधारण १.२ मिलिमीटर जाडीचा एक पत्रा २८ किलोच्या आसपास भरतो. गुलालवाडीच्या स्टील बाजारात भाव ठरवायचा आणि माल कळंबोलीच्या गोडाऊनमधून उचलायचा, ही आमची नेहमीची रीत. छोट्या चारचाकी टेम्पोचा हौदा सात फुटांच्या जवळपास असतो. त्यात पत्रा सपाट बसत नाही. मागचा फाळका उघडून किंवा त्यावर टेकवून आणावा लागतो. सायन-पनवेल रस्त्याचे खड्डे पार करून भांडुपला पोचेपर्यंत पत्र्याच्या टोकाला बाक आलेला असतो. वरची प्लास्टिकची फिल्म फाटून चरे पडतात ते वेगळंच. बाक आलेल्या पत्र्याचं टेबल केलं तर त्यावर पाणी साचतं, आणि स्वयंपाकघरात काम करणाऱ्याला ते पहिल्याच दिवशी दिसतं. मोठा ट्रक गिरगाव-दादरच्या गल्ल्यांत वळत नाही, शिवाय शहरात जड वाहनांना दिवसा वेळेची बंधनं असतात. म्हणून दीड टनी पिकअप, नऊ फुटी हौद्याची. आमच्या कामाला तेवढंच माप बसतं.

जुनी गाडी अण्णांनी सेकंडहँड घेतली होती. मालवाहू गाडीला आठ वर्षं झाली की दर वर्षी फिटनेस काढावं लागतं, आणि लॉकडाउनमध्ये दोन पावसाळे उघड्यावर उभी राहिल्यावर तिची चेसी, म्हणजे खालचा सांगाडा, गंजली होती. भावाने खालून हातोडी मारून बघितली आणि सांगितलं की ही आता रस्त्यावर आणायची नाही. वरून शंभर किलोच्या पुढची डोशाची प्लेट घेऊन माणसं त्याच गाडीत बसणार असतात. त्याचं म्हणणं सगळ्यांना पटलं.

लॉकडाउनचा काळ आमच्या धंद्याला फार कठीण गेला. हॉटेलं बंद म्हणजे आम्ही बंद. सरकारी हमीच्या आपत्कालीन कर्जातून पगार दिले, कुणाला काढलं नाही, याचं अण्णांना आजही समाधान आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात उपाहारगृहं रात्री दहापर्यंत उघडी ठेवायला परवानगी मिळाली, ऑक्टोबरमध्ये ती मध्यरात्रीपर्यंत वाढली, आणि आमचा फोन वाजायला लागला. बंद पडलेल्या जागा नवे लोक घेत होते. कुणाला दिवाळीआधी किचन हवं, कुणाला नाताळाआधी. १५ ऑक्टोबरला दसरा होता. त्या दिवशी आम्ही पिकअप बुक केली. आम्हाला हवं ते मॉडेल, नऊ फुटी हौदा आणि पॉवर स्टिअरिंगचं, शोरूमच्या यार्डात नव्हतं. ते कारखान्याकडून मागवायचं होतं. मॅनेजर म्हणाले, “ताई, डिसेंबरअखेर नक्की.”

डिसेंबर गेला. जानेवारीत विचारलं तर उत्तर आलं, “चिपचा प्रॉब्लेम आहे, वरूनच गाड्या येत नाहीत.”

हे उत्तर त्या दिवसांत सगळ्यांनाच मिळत होतं, पण मालवाहू पिकअपला चिप कशाला, हा अण्णांचा प्रश्न मला रास्त वाटला. मी वाचायला बसले. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६, म्हणजे गाड्यांच्या धुराचे कडक निकष, लागू झाले. आता डिझेल किती, कधी आणि किती दाबाने आत जाणार हे इंजिनाचा कंट्रोलर ठरवतो, आणि धुरातले घटक ताब्यात ठेवायला जागोजागी सेन्सर आहेत. म्हणजे साध्यातल्या साध्या पिकअपलाही चिपशिवाय कारखान्याबाहेर पडता येत नाही. २०२० मध्ये जगभर गाड्यांची विक्री कोसळली तेव्हा गाडी कंपन्यांनी चिपच्या ऑर्डरी रद्द केल्या, आणि ती जागा लॅपटॉप, फोनवाल्यांनी घेतली. गाड्यांची मागणी परत आली तेव्हा रांगेत शेवटचा नंबर. त्यात फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासच्या हिमवादळात वीज गेल्याने तिथले चिपचे कारखाने थांबले. १९ मार्चला जपानमध्ये रेनेसास या चिप कंपनीच्या ‘नाका’ नावाच्या कारखान्याला आग लागली, आणि हा कारखाना गाड्यांच्या चिपसाठी जगातल्या महत्त्वाच्या कारखान्यांपैकी एक. त्यानंतर मलेशियात करोनाची टाळेबंदी झाली, जिथे चिपचं पॅकिंग आणि टेस्टिंग मोठ्या प्रमाणावर होतं. सिलिकॉनच्या चकतीपासून तयार चिप हातात यायला तीन महिन्यांहून जास्त लागतात, त्यामुळे एक कडी तुटली की तिचा परिणाम पुढच्या कित्येक महिन्यांवर पसरतो. शिवाय गाड्यांना लागणाऱ्या बऱ्याचशा चिप जुन्या पद्धतीच्या, त्यांच्यासाठी नवा कारखाना काढायला कुणी उत्सुक नव्हतं.

भावाला हे लगेच समजलं. आमच्याकडेही सगळं किचन तयार असतं आणि एक्झॉस्टचा ब्लोअर आला नाही म्हणून हॉटेलचं उद्घाटन अडतं.

कारण कळल्यावर शोरूमवरचा माझा राग कमी झाला. तिथला मुलगा खोटं बोलत नव्हता, त्याच्याही हातात काही नव्हतं. पण दर वेळी “पुढच्या महिन्यात” हे उत्तर मला मान्य नव्हतं, कारण त्या उत्तरावर मी माझ्या गिऱ्हाइकांना तारखा देत होते. मग मी विचारायची पद्धत बदलली. तारीख विचारणं बंद केलं. आमची ऑर्डर कंपनीच्या सिस्टीममध्ये चढली आहे का, तिचा नंबर काय, गाडी अलॉट झाली का, चेसी नंबर पडला का, बिलिंग झालं का, कारखान्यातून निघाली का, एवढंच विचारायला लागले आणि उत्तर लेखी मागायला लागले. यातून एक उपयोगाची गोष्ट कळली: जानेवारीच्या शेवटापर्यंत आमच्या नावावर काहीच अलॉट झालेलं नव्हतं. चेसी नंबर पडेपर्यंत मिळणारी कुठलीही तारीख हा अंदाज असतो. तो अंदाज धरून मी पुढे कुणालाही शब्द दिला नाही.

फेब्रुवारीत एक गाडी चालून आली. कुणीतरी बुकिंग रद्द केलं होतं, चार दिवसांत ताबा मिळेल म्हणाले. अण्णा घ्या म्हणाले, आलेली लक्ष्मी परत पाठवू नये. आम्ही दोघं बहीण-भाऊ यार्डात गेलो, भावाने हौद्याला टेप लावला. आतून आठ फुटांना बराच कमी. पुढची दहा-बारा वर्षं रोज पत्रा फाळक्यावर टेकवायचा असेल तर नवी गाडी घेण्यात अर्थ नाही, असं भाऊ म्हणाला. मी त्याच्या बाजूने उभी राहिले. अण्णा दोन दिवस जेवणाच्या वेळी काही बोलले नाहीत.

मग मार्च आला. ८ मार्च २०२२ ला लंडनच्या बाजारात निकेल टनाला एक लाख डॉलरच्या वर गेलं आणि तिथले व्यवहार थांबवावे लागले. आमच्या ३०४ ग्रेडच्या स्टीलमध्ये साधारण आठ टक्के निकेल असतं. गुलालवाडीतले व्यापारी सकाळचा भाव दुपारी द्यायला तयार नव्हते. आम्ही कोटेशनवर महिन्याची मुदत लिहायचो, ती तीन दिवसांवर आणली. जिथे अन्नाला थेट लागत नाही, म्हणजे टेबलाचे पाय, खालची फळी, तिथे गिऱ्हाइकाला सांगून, बिलावर तसं लिहून, कमी निकेलचं २०२ ग्रेड वापरलं. न सांगता वापरणारेही बाजारात आहेत. आम्ही ते केलं नाही आणि करणार नाही.

गाडीचा खर्चही तिकडे वाढत होता. बुकिंगच्या कागदावर लिहिलेलं असतं की किंमत ताब्याच्या दिवशीची लागेल, आणि वाट पाहण्याच्या काळात ती वाढली. दसऱ्याला मंजूर झालेल्या कर्जाची मुदत संपली, कागद पुन्हा करावे लागले. ४ मे २०२२ ला रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ वरून ४.४० टक्के केला, जूनमध्ये ४.९०. आमचा नवा व्याजदर त्याच हिशेबाने वर गेला. मालवाहू गाडीवर तेव्हा २८ टक्के जीएसटी होता. त्याचं क्रेडिट मिळतं, म्हणजे आम्ही भरायच्या जीएसटीतून तो वजा होतो, पण गाडी ताब्यात आल्यावरच, आणि ३१ मार्चपर्यंत ती न आल्याने त्या वर्षीच्या आयकरात मिळणारी घसाऱ्याची वजावटही गेली. लहान फर्मला थांबण्याची किंमत अशी सगळ्या बाजूंनी मोजावी लागते.

पण काम थांबवता येत नव्हतं, आणि इथेच आमच्यात खरा बदल झाला. भावाने टेबलांची रचना बदलली. पूर्वी सगळं वेल्डिंग करून अख्खं टेबल पाठवायचो. आता वरचा टॉप वेगळा, पाय वेगळे, बोल्टने जोडायचे, खाली उंची कमी-जास्त करता येणारे बूट. छोट्या टेम्पोत पूर्वी दोन टेबलं मावायची, आता पाच मावायला लागली. जुन्या इमारतींच्या अरुंद जिन्यातून माल चढवतानाही तेच सोयीचं पडलं. अण्णांना बोल्ट पसंत नव्हते. हलेल, कुरकुरेल, म्हणाले. मग त्यांनीच पायाच्या सॉकेटला आतून एक जाड पट्टी द्यायला सांगितली, आणि तेव्हापासून हलल्याची तक्रार आली नाही. पत्राही आम्ही कॉइलमधून, म्हणजे पत्र्याच्या मोठ्या गुंडाळीतून, हव्या लांबीला कापून घ्यायला लागलो. सहा फुटांचं टेबल असेल तर तेवढ्याच लांबीचा पत्रा. भाव किलोमागे थोडा जास्त पडतो, पण तुकडे कमी उरतात.

वाहतुकीसाठी एक टेम्पोवाले मिळाले. मुलुंड चेकनाक्यावर भाड्याला उभे राहायचे, स्वतःची नऊ फुटी पिकअप, तिचे हप्ते चालू. पहिल्याच फेरीत त्यांनी पत्र्यांखाली जुन्या गाद्यांचे तुकडे अंथरले, दोन पत्र्यांमध्ये पुठ्ठा घातला, दोर थेट कडेवर न आवळता खाली लाकडाची पट्टी ठेवली. आम्ही त्यांना हे शिकवलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून आम्ही त्यांच्याशिवाय कुणाला बोलावलं नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये मुंबईत डिझेल शंभरच्या वर गेलं होतं, दिवाळीत केंद्राने लिटरमागे दहा रुपये उत्पादन शुल्क कमी केलं तेव्हा कुठे त्यांना जरा हायसं वाटलं. आम्ही भाडं डिझेलच्या भावाशी जोडलं: भाव वाढला तर भाडं वाढणार, उतरला तर उतरणार, हिशेब दर शनिवारी चुकता. दर फेरीची घासाघीस संपली.

जूनमध्ये चेसी नंबर पडला. जुलैमध्ये, भर पावसात, गाडी आली. ताबा घेण्याआधी आम्ही फॉर्म २२ वर, म्हणजे गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या दाखल्यावर, उत्पादनाचा महिना पाहिला, चेसीवरचा नंबर कागदाशी ताडला, आणि भावाने पुन्हा टेप लावला. एमएच ०३ ची पाटी लागली. अण्णांनी नारळ फोडला, कारागिरांना पेढे वाटले. कळंबोलीहून पहिला माल आला तेव्हा पत्रा हौद्यात सपाट बसला, फाळका बंद झाला. एवढ्यासाठीच सगळं होतं.

मग प्रश्न उभा राहिला टेम्पोवाल्यांचा. गाडी आली, आता त्यांची गरज काय, असं हिशेबाच्या वहीप्रमाणे म्हणता आलं असतं. घरात यावर बरंच बोलणं झालं. या वेळी अण्णा आणि मी एका बाजूला होतो. ज्या माणसाने आमच्या अडचणीच्या दिवसांत आमचा माल स्वतःच्या मालासारखा जपला, त्याच्या हप्त्यांचा विचार आपण करायचा नाही तर कुणी करायचा? आठवड्यातले दोन दिवस त्यांचे ठरले, कच्चा माल आणायचे. आमची गाडी तयार माल पोचवायला आणि फिटिंगच्या मुलांना घेऊन जायला. ही वाटणी आजही तशीच आहे, आणि एकाच दिवशी दोन ठिकाणी किचन लावायची ताकद आम्हाला त्यातूनच आली.

सध्या वाशीच्या एका कॅन्टीनचं आणि परळच्या एका खानावळीचं काम चालू आहे. शहरातल्या फेऱ्यांसाठी एक छोटी इलेक्ट्रिक गाडी घ्यावी असं भावाच्या मनात आहे. सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्के झाला, त्यामुळे डिझेलचं गणितही पुन्हा मांडावं लागणार आहे. दोन शोरूमना मी पत्र पाठवलं आहे: हौद्याचं आतलं माप मिलिमीटरमध्ये, ऑर्डर चढल्याचा नंबर किती दिवसांत देणार, आणि उशीर झाला तर बुकिंगची रक्कम किती दिवसांत परत करणार. एकाचं उत्तर आलं आहे. हौद्याचं माप त्यात नाही, ते विचारायला उद्या भाऊ टेप घेऊन जाणार आहे.